दुसऱ्या पाळीची भट्टी

४ फेब्रुवारी

वन्सं,

अक्षर ओळखलंत का? भावोजी गेले तेव्हा मी चार ओळी पाठवल्या होत्या, त्यानंतर आज. दोन वर्षं मी आळस केला आणि दोन वर्षं तुम्ही रुसून बसलात, म्हणजे आपली फिट्टंफाट झाली. आता रुसवा जरा बाजूला ठेवा. काम तुमच्याकडे आहे आणि दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही.

फोनच केला असता, पण तो यांच्या उशाशी असतो. मी कुणाशी बोलतेय, का बोलतेय, सगळं यांना हवं असतं. छाती गेली तरी कान शाबूत आहेत. म्हणून स्वयंपाकघरात भाजी निवडायचं सोंग करून लिहितेय.

यांची खाट आता पुढच्या खोलीत आणलीय. आठ पावलं चालले की बसावं लागतं. डॉक्टर म्हणतात, छातीत गेलेली काचेची धूळ काही परत बाहेर येत नाही. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. खाटेवरून कारखान्याची चिमणी दिसते. बाकी बघण्यासारखं इथे काही नाहीच. समोरची चारही दुकानं बंद झाली. न्हावी मंगळवारी आणि शनिवारी तेवढा येतो. शाळेचे दोन-दोन वर्ग एका खोलीत बसतात. तुमचं क्वार्टर कुणी पाडलं नाही, ते आपलं आपणच बसलं.

आता ती चिमणीसुद्धा मे महिन्यात पाडणार आहेत. त्याआधी कारखान्याच्या आठवणींचं पुस्तक काढायचं आमच्या लायब्ररीतल्या बाईने मनावर घेतलंय. बाई कसली, पोरगीच. चांगली आहे, चहा प्यायल्यावर स्वतःचा कप विसळते. घरोघर जाऊन आवाज टिपायचं यंत्र समोर ठेवते, लोक बोलतात, ती लिहून काढते. नाव आणि फोटोसकट छापणार आहे. आमच्याकडे आली तेव्हा मीच खूश होते. अठ्ठावीस वर्षं भट्टी सांभाळलेला माणूस, सांगेल दोन गोष्टी, तेवढाच जीव रमेल. तर यांनी तिला काय सांगावं? "भट्टी मी विझवली. ते लिहायचं असेल तर बस."

मी म्हटलं, औषधाची गुंगी आहे. पोरगी गेल्यावर मी यांच्याशी भांडले. वन्सं, तुम्हाला ठाऊक आहे सगळं. पगार थांबल्यावरही कारखाना विकत घेणारं गिऱ्हाईक येईल या आशेवर यांनी सगळ्यांनी अकरा आठवडे फुकट पाळ्या करून भट्टी गरम ठेवली, आणि ती यांच्या पाळीत विझली. "दुसऱ्या पाळीच्या कामगाराच्या हयगयीमुळे" असा कागद फाटकावर लागला. न्हाव्याने वर्षभर यांची दाढी एक शब्द न बोलता केली. पण तेव्हा चौकशीत यांनी सांगितलं होतं ना, रीतीप्रमाणे भट्टी बघून ताब्यात घेतली होती म्हणून? मी सव्वीस वर्षं हेच लोकांना सांगत आले. आणि आता हे म्हणतात, "मी बघितलीच नव्हती. खोटं बोललो."

ते दिवस आठवणारी गावात दहा माणसं उरली नसतील, आणि हे छापून ठेवायला निघालेत. उद्या नातू ते पुस्तक उघडेल आणि आजोबांच्या फोटोखाली काय वाचेल? मी सांगितलं तर माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात. "ठकी म्हणेल तसं" हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. त्यांना समजावून एक पत्र लिहा. पंधरा मार्चला ती पोरगी यंत्र घेऊन येणार आहे.

तुमची,
वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र पिशवीत घालून दोन दिवस फिरले. रुसले बिसले काही नव्हते गं, गुडघ्यांनी असहकार पुकारलाय, टपालाची पेटी वळणावर आहे आणि वळणापर्यंत जायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागते. हे गेल्यापासून घर एवढं गप्प झालंय की पाण्याचा नळ मुद्दाम थोडा टपकता ठेवते.

कारखान्याचं पुस्तक निघतंय हे किती छान. मला विचारलं असतं तर मी त्या मुलीला दोन वह्या भरून दिल्या असत्या. बाबा भट्टीवर होते तेव्हा त्यांचा डबा न्यायचं काम माझं. दादाचं असायला हवं होतं, पण तो वाटेत डबा उघडायचा. भट्टीच्या भिंतीतला तो झरोका तुला आठवतो का? वीटभर भोक, त्याला लोखंडी झाकण, आणि शेजारी खिळ्याला टांगलेली निळी काच. ती डोळ्यासमोर धरून आत पाहायचं. मला वाटायचं, आत कुणीतरी सूर्य कोंडून ठेवलाय आणि बाबा त्याचे पहारेकरी.

पाळी बदलायची रीतसुद्धा किती गोड होती. जाणारा माणूस झरोक्याशी उभा राहायचा. येणाऱ्याने निळ्या काचेतून आत पाहायचं आणि "दिसली" म्हणायचं. तो शब्द ऐकल्याशिवाय जाणारा जागचा हलायचा नाही, मग घरी आग का लागलेली असेना. बाबा सांगायचे, त्यांच्या आधीच्या माणसांपासून ही रीत चालत आलीय. ना सही, ना कागद. मोठमोठे साहेब कागदावर सह्या करूनही शब्द फिरवायचे, पण भट्टीवरचा "दिसली" कधी फिरला नाही.

आणि मुरंब्याच्या त्या हिरव्या बरण्या! माझ्याकडे अजून एक आहे, तिच्यात मीठ ठेवते. त्या मुलीला सांग, हे असलं लिही म्हणावं. काच फुंकणाऱ्यांचे गाल, भोंगा, सुट्टीच्या दिवशी धुतलेले शर्ट. विझल्याबिझल्याचं कशाला? दादाला म्हणावं, जुनी खपली काढू नये. इतक्या वर्षांनी कोण विचारतंय? ते गिऱ्हाईक, तो कागद, ती चौकशी, सगळं विसरून जावं माणसाने.

दादाला वेगळं पत्र लिहीत नाही, तूच हे वाचून दाखव. तब्येतीला जप म्हणावं.

तुझी,
ठकी


२० फेब्रुवारी

वन्सं,

पत्र वाचून दाखवलं. डबा वाटेत उघडण्याच्या गोष्टीवर हे हसले आणि मग खोकत बसले. त्यामुळे हसवलंत म्हणून आभार मानू की खोकवलंत म्हणून भांडू, ते कळेना.

पण माझ्या प्रश्नाला तुम्ही हातच लावला नाहीत. पानभर गोडगोड लिहिलंत आणि शेवटी "खपली काढू नये". हे काय मला सांगता येत नव्हतं? तुमच्या पत्राने उलटंच झालं. ती "दिसली"ची रीत ऐकून हे उठून बसले आणि म्हणाले, "बघ, तिलासुद्धा आठवतंय. तो शब्द मी फिरवला." आता स्वतःच तुम्हाला पत्र लिहितायत. सकाळी दोन ओळी, दुपारी दोन ओळी. मी पाकीट उघडणार नाही की पत्र वाचणार नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. सोबत पाठवते.

मी तुम्हाला एकच मागणं मागते. यांचं नाव त्या पुस्तकात तसं येऊ देऊ नका. बाकी माझं काही मागणं नाही.

वहिनी


(सोबतच्या पाकिटात)

ठके,

अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझं स्वतःचं अक्षर काही फार ग्रेट नव्हतं.

वहिनीने तुला माझ्यावर सोडलंय हे मला कळलं. तिचा हेतू चांगला आहे. पण मला जे सांगायचंय ते तुला आधी सांगतो, मग तू ठरव.

त्या दिवशी मी तुझ्याकडे जेवलो. दोनच्या पाळीला जायचं होतं. तू आग्रह केलास, गोडाचं केलं होतंस, दोनदा वाढलंस. यात तुझी काही चूक नाही, मीच खादाड. निघायला अडीच वाजले. भट्टीवर पहिल्या पाळीचा लंबू माझ्या नावाने शिव्या देत उभा होता. त्याची बायको दवाखान्यात होती. मी खालच्या पायरीवरूनच ओरडलो, "दिसली, जा तू." त्याला ठाऊक होतं की खालच्या पायरीवरून झरोका दिसत नाही. तरी तो गेला. चौकशीत त्याने माझी बाजू धरली. त्याने सांगितलं, याने नीट पाहिली. मीही तेच सांगितलं. लंबू ते खोटं घेऊनच मेला. त्याच्यावर ते मी लादलं.

मी वर गेलो, बाकावर बसलो. पोट भरलेलं, भिंत ऊबदार. झोपलो. उठलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि आवाज नव्हता. भट्टीचा एक आवाज असतो, तू लहानपणी त्याला घुम म्हणायचीस. तो नव्हता. झरोक्यातून पाहिलं तर आत काळपट लाल. तेलाचा काटा शून्यावर. धावत आवारात गेलो, राखीव टाकीचा नळ उघडला. काही आलं नाही. ते तेल जड असतं, नळी गरम राहिली तरच वाहतं. भट्टी निवली, नळी निवली, तेल आतल्या आत घट्ट झालं. पाळी घेताना पाहिलं असतं तर ज्योत नुकती उतरायला लागलेली दिसली असती. राखीव टाकी उघडायला तासभर हातात होता. तो तास मी झोपलो. रात्रीपर्यंत काच आत गोठली आणि पहाटे विटा तडकल्याचे आवाज आले. ते आवाज वहिनीनेही ऐकले, पण तिला वाटलं, वाऱ्याने दारं वाजतायत.

आता पुस्तकाचं. ती पोरगी मला बाकीच्यांनी सांगितलेलं वाचून दाखवते. सगळे म्हणतात, प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, साहेब चोर निघाले, काळच बदलला. म्हणजे कारखाना असाच गेला, कुणी काही केलं नाही. ते खरं नाही, ठके. तो चालण्यासारखा होता. अकरा आठवडे पस्तीस माणसांनी फुकट राबून भट्टी जिवंत ठेवली होती. खरेदीदार स्वतः पांढऱ्या गाडीतून आला, मीच त्याच्या हातात निळी काच दिली. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "सुंदर." आम्ही त्याच्यासाठी खिडक्या धुतल्या होत्या. आणखी पंधरा दिवस निघाले असते तर आज हे गाव वेगळं असतं. माझा मुलगा इथे असता. हे सगळं माझ्यामुळे गेलं, आणि ते असंच गेलं नाही एवढं मला त्या पुस्तकात हवंय. त्या पस्तीस जणांनी काही चुकीचं केलं नव्हतं. एकाने केलं. त्याचं नाव लिहा.

मला कुणाची माफी नको. हे लिहिलं जाईल एवढ्या बळावर मी दिवस काढतोय. वहिनीला ते समजत नाही. तुला समजेल, तू बाबांची आहेस.

दादा


१४ मार्च

वन्सं,

कार्डच टाकतेय. तीन आठवडे झाले, तुमचा पत्ता नाही. हे रोज पोस्टमनच्या सायकलचा आवाज ऐकतात आणि मग मला विचारतात, "आलं?" उद्या ती पोरगी येणार होती, तिला मी दोन एप्रिलवर ढकललं. खोटं सांगितलं की ताप आहे. आता नवीन सबब सुचत नाही. यांनी त्या पत्रात तुम्हाला काय लिहिलं? रागावलात का? रागवा, पण लिहा.

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

हे पत्र मी चार वेळा फाडलंय. आता फाडणार नाही. दादाला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. खरं म्हणजे हे सव्वीस वर्षांपूर्वी मी चालत येऊन सांगायला हवं होतं. तेव्हा गुडघे धड होते.

दादाने लिहिलंय की मी आग्रह करून वाढलं. त्या ओळीशी मी तीन आठवडे अडकून पडले. आधी वाटलं, त्याला कळलंय आणि तो मला टोचतोय. मग पुन्हा वाचलं तेव्हा समजलं की त्याला काहीच कळलेलं नाही. तो मलाच धीर देतोय.

त्याला मी थांबवलं होतं. त्या सकाळी हे, म्हणजे आमचे स्टोअरकीपर, कामाला निघताना म्हणाले, "दादाला आज जेवायला बोलाव. काहीतरी गोड कर. अडीचच्या आधी सोडू नकोस." मी विचारलं, का? तर म्हणाले, साहेब येणार आहेत, फाटकावर बाचाबाची होईल, दादाचा हात चालतो, तो त्यात नको. मला ते पटलं. का खोटं बोलू, अर्धं पटलं. उरलेलं अर्धं मी विचारलं नाही. दादा दोनदा उठला होता. दोन्ही वेळा मी त्याला दंडाला धरून बसवलं. "पाळी काय पळून जातेय," म्हणाले मी.

संध्याकाळी हे घरी आले. किल्ल्यांचा जुडगा हातातच होता. जेवले नाहीत. मग सांगितलं. आवारातल्या मोठ्या टाकीचा मुख्य नळ यांनीच दोन वाजून दहा मिनिटांनी बंद केला आणि त्याला कुलूप घातलं. साहेबांचा हुकूम होता. कारखाना नुसता बंद केला असता तर कंपनीला कामगारांची देणी द्यावी लागली असती. कामगाराच्या चुकीने भट्टी विझली की काहीच द्यावं लागत नव्हतं. त्यांना एक चूक हवी होती.

दादा म्हणतो, राखीव टाकीतलं तेल नळीत घट्ट झालं. वहिनी, त्या टाकीत तेल नव्हतंच. आठवडाभर आधी टँकर लावून तिच्यातलं तेल दुसऱ्या कारखान्यात पाठवलं होतं. गाळ काढतोय असं सगळ्यांना सांगितलं होतं. दादाने दोन वाजता पाहिलं असतं, अडीचला पाहिलं असतं, रात्रभर झरोक्याला डोळा लावून बसला असता, तरी भट्टी विझलीच असती.

आणि खरेदीदार नव्हता. कधीच नव्हता. पांढऱ्या गाडीतून आला तो भंगारवाला होता. विटा आणि लोखंडाचा भाव करायला आला होता. त्याला भट्टी दाखवायला सांगितली ती तुम्ही सगळ्यांनी, ती चूक घडेपर्यंत, आणखी थोडे दिवस थांबावं म्हणून.

महिन्याभरात आमची बदली झाली. इकडच्या कारखान्यात, बढतीवर. तुम्ही फाटकापर्यंत सोडायला आला होतात, दादाने यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. यांना मी नंतर एकदाच विचारलं, दादाच्याच पाळीत का? म्हणाले, "तो माझ्यावर कधी संशय घेणार नाही म्हणून." मी यांच्याबरोबर आणखी चोवीस वर्षं संसार केला. स्वयंपाक केला, आजारपण काढलं. गेले तेव्हा रडलेसुद्धा. माझ्याकडे सबब नाही, मागतही नाही. पहिल्या वर्षी नोकरी जाईल म्हणून गप्प बसले, नंतर पहिल्या वर्षी का बोलले नाही म्हणून गप्प बसले.

दादाला म्हणावं, त्याने काही केलं नाही. पुस्तकात नाव घालायचंच तर यांचं घाला, आणि खाली माझं. मी सही करून देते.

ठकी


४ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं तेव्हा मी दारातच फोडलं. उभ्या-उभ्या वाचलं. तुमच्याबद्दल आणि भावोजींबद्दल मला काय वाटलं ते आज लिहीत नाही, त्याला वेगळा दिवस लागेल. त्या क्षणी मला एकच कळत होतं की माझा माणूस सुटला. चप्पल पायात तशीच ठेवून आत धावले. सव्वीस वर्षांत इतक्या आनंदाने मी या घरात शिरले नसेन. "अहो, उठा," म्हटलं, "तुम्ही काही केलं नाही! ठकीने लिहिलंय! ऐका!"

सगळं वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. तुम्ही दंडाला धरून बसवल्याचं आलं तेव्हा मी यांच्याकडे पाहिलं, आता चिडतील म्हणून. चिडले नाहीत. टाकीचं ऐकलं, मान हलवली. भंगारवाल्याचं आलं तेव्हा म्हणाले, "ते परत वाच." मी परत वाचलं. म्हणाले, "परत." तीनदा वाचलं.

मी आपली बडबडतेच आहे. बघा, तुमची काही चूक नव्हती, लंबूचीही नव्हती, आता त्या पोरीला खुशाल सांगा. तेव्हा यांनी विचारलं, "मग अकरा आठवडे आम्ही काय करत होतो?"

मी म्हटलं, "तुम्ही तुमचं काम करत होतात."

"कुणासाठी?"

मी म्हटलं, "अहो, पण तुम्ही निर्दोष आहात." तर म्हणाले, "म्हणजे मी पाहिलं काय आणि नाही पाहिलं काय, सारखंच. बाबांनी पाहिलं तेही सारखंच. पस्तीस माणसं विझवायची ठरवून ठेवलेल्या भट्टीला तेल पाजत होती आणि मी त्या भंगारवाल्याच्या हातात निळी काच दिली." आवाज चढवला नाही. चढवायला छाती कुठे आहे. मी चहा आणला. तो तसाच निवला.

दोन तारखेला लायब्ररीतली पोरगी आली. मी तिला दारातच सांगून टाकलं की आता वेगळी हकिकत आहे, खरी आहे, लिहून घे. तिने यंत्र यांच्यासमोर ठेवलं. "सांगा, आजोबा." हे यंत्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मी तिथे नोकरीला होतो. नंतर कारखाना बंद झाला."

तिने विचारलं, "आणि भट्टी?"

"त्यातलं मला काही माहीत नाही. दुसऱ्या कुणाला विचार."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी तुमचं पत्र काढायला उठले तर यांनी हाताने मला खाली बसवलं. एवढा जोर त्या हातात उरला होता हे मला माहीत नव्हतं. तिने कप विसळला आणि ती गेली. जाताना म्हणाली, तेवढ्याने पान होणार नाही, म्हणून यांचा फोटो सगळ्यांबरोबरच्या मोठ्या फोटोत जाईल, नाव खाली बारीक अक्षरात.

त्याच दुपारी यांनी खाट फिरवायला सांगितली. शेजारणीला बोलावून फिरवली. आता तोंड भिंतीकडे आहे. पोस्टमनच्या सायकलचा आवाज आला तरी विचारत नाहीत. दोन घास कसेबसे जातात. डॉक्टर काल येऊन गेले. औषध बदललं नाही, आणि निघताना मला बाहेर बोलावून म्हणाले, मुलाला कळवा.

वन्सं, आधी मी रोज त्या विझवल्याच्या गोष्टीवरून यांच्याशी भांडत होते. हे तावातावाने सांगत होते, कुठली नळी, कुठला काटा, किती वाजले होते, आणि भट्टी किती चांगली चालली होती. मला वाटायचं, तो अपराध यांना खातोय. मला कळलंच नाही की हे त्याच्यावर जगतायत. त्यात निदान भट्टी खरी होती, गिऱ्हाईक खरं होतं, आणि हे खरे होते. तुम्ही खरं लिहिलंत आणि मी ते धावत जाऊन वाचून दाखवलं. तुमच्याइतकीच मीही त्यात आहे.

यांना मी काल खोटंही सांगून पाहिलं. म्हटलं, ठकीचं दुसरं पत्र आलंय, तिच्या ऐकण्यात चूक झाली होती, गिऱ्हाईक खरं होतं. तर भिंतीकडेच बघत म्हणाले, "बरं."

यांचं नाव पुस्तकात तसं येऊ देऊ नका, हे एकच मी तुमच्याकडे मागितलं होतं. ते तुम्ही दिलंत. निघून या, वन्सं. गुडघे असतील तसे घेऊन या. समोर बसून त्यांना शिव्या द्या, तुझ्यामुळे गेला कारखाना म्हणा, तुमच्या तोंडून आलं तर कदाचित विश्वास ठेवतील.

वहिनी